रात्र उजळणारा शुभ्र अश्व : एका चिनी शाईचित्राचें परीक्षण

जुन्या कागदावर शिक्का दिसला कीं तो कागद खरा मानण्याची संवय इतिहासाच्या अभ्यासकांस सहज जडते. मुद्रेंतील अक्षरें जुळलीं, कागदाचे जोड मूळचे दिसले, शेवटीं मोर्तब ठिकाणावर असलें, म्हणजे आपण निश्चिंत मनानें मजकुराकडे वळतों. राजपत्रांच्या बाबतींत ही संवय बहुधा उपकारकच ठरते. चित्रांच्या बाबतींत मात्र तिच्यापासून सावध राहिलें पाहिजे. कारण चित्रावरील शिक्का तें चित्र कोणाच्या हातीं होतें एवढेंच सांगतो, तें कोणाच्या हातचें आहे हें सांगत नाहीं. हा भेद स्पष्ट करण्यास अत्यंत उपयोगी असें एक चिनी अश्वचित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

या चित्राचें नांव ‘चाओ-ये-पाय’ असें असून ‘रात्र उजळणारा शुभ्र’ असा त्याचा अर्थ आहे. वस्तुतः हें नांव चित्राचें नव्हे, त्यांतील घोड्याचें होय. तांग राजवंशांतील सम्राट श्वान-त्सुंग (राज्यकाल इ. स. ७१२–७५६) याच्या खास स्वारीचा हा घोडा, आणि सम्राटाच्या पदरच्या हान गान नामक चित्रकारानें सुमारें इ. स. ७५० मध्यें त्याचें हें चित्र काढिलें, अशी परंपरा आहे. इ. स. १९७७ पासून हें चित्र न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. त्या संग्रहालयानें आपल्या संग्रहांतील जुन्या कलाकृतींचीं छायाचित्रें इ. स. २०१७ पासून सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं असल्यामुळें दूरदेशींच्या अभ्यासकासहि चित्र सावकाश निरखून पाहण्याची सोय झाली आहे. पुढील परीक्षण अशा छायाचित्रांवरूनच केलें आहे.

चीन देशांतील घोड्याशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास दोन उत्तरें आहेत. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग हा इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला, आणि पुलकेशीच्या प्रजेचा मानी स्वभाव व युद्धापूर्वीं मद्य पाजून सोडले जाणारे हत्ती यांचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो इ. स. ६४५ मध्यें स्वदेशीं परतल्यावर ज्या सम्राट ताइ-त्सुंगानें त्याचा सत्कार केला, त्याचाच श्वान-त्सुंग हा पणतू. दुसरें असें कीं, विसाव्या शतकांत हें चित्र चीनमधून बाहेर पडल्यावर तें ज्यांच्या संग्रहांत गेलें, ते सर पर्सिव्हल डेव्हिड हे इ. स. १८९२ सालीं मुंबईंत जन्मलेले. बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकीं सर ससून डेव्हिड यांचे ते पुत्र होत. तात्पर्य, या घोड्याच्या प्रवासांत मुंबईच्या एका पुत्राचेंहि नांव गुंतलेलें आहे. परंतु हे संबंध नसते तरीहि चित्रपरीक्षणाच्या पद्धतीसाठीं आम्हीं हेंच उदाहरण निवडलें असतें.

१. चित्रांत काय आहे

प्रथम शिक्के, लेख, दंतकथा हें सर्व बाजूस सारून केवळ चित्राकडे पाहूं. कागदावर शाईनें काढलेलें हें चित्र सुमारें ३१ सेंटिमीटर उंच व ३४ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे पोथीच्या दोन पानांएवढ्या जागेंत सारा घोडा मावला आहे. रंग नाहीं. जमीन, आकाश, तबेला, मोतद्दार यांपैकीं कांहींहि नाहीं. एक जाड खांब आणि त्यास बांधलेला घोडा, एवढाच विषय. घोड्याचा शुभ्र रंग दाखविण्यासाठीं चित्रकारानें कागद तसाच कोरा ठेविला असून अंगाच्या कडेनें पातळ शाईची हलकी छाया तेवढी दिली आहे.

घोड्याच्या अंगावर खोगीर नाहीं, झूल नाहीं, गळ्यांत माळ नाहीं. तोंडावर मोहरकी आहे व तिचा दोर खांबाकडे गेला आहे. मान उचललेली, तोंड उघडें, नाकपुड्या फुललेल्या, आयाळ ताठ उभारलेली आणि पुढचे पाय जमिनीवर ठरत नाहींत असे. डोळा तर विशेष पाहण्यासारखा आहे. तो खांबाकडे अथवा दोराकडे वळलेला नाहीं. बुबुळ फिरून तें थेट पाहणाराकडे आलें आहे. घोडा पाळलेल्या कोणासहि हा डोळा ओळखूं येईल. भ्यालेलें व चिडलेलें जनावर असाच डोळा फिरवितें.

प्रमाणांच्या दृष्टीनें पाहतां हा घोडा सृष्टींतील घोड्याची नक्कल नव्हे. धड अतिशय भरीव व वाटोळें, मान जाड, आणि त्या मानानें पाय बारीक व आंखूड. पोट व पुठ्ठा यांच्या रेषा जणूं एकाच दमांत ओढलेल्या कमानी आहेत. आमच्याकडील पोथ्या बोरूनें लिहीत. बोरूची रेघ त्याच्या टांकेच्या रुंदीनें बांधलेली असते. कुंचल्याचें तसें नाहीं. हात किंचित् दाबला कीं रेघ जाड, उचलला कीं बारीक. या चित्रांत मात्र चित्रकारानें ती मुभा फारशी घेतलेली नाहीं. रेघ बहुतेक ठिकाणीं सारख्या जाडीची, ताणलेली व शांत आहे. घोडा बेभान, परंतु रेघ संयमी. या विरोधांतच चित्राचें बळ आहे असें आम्हांस वाटतें. रेघहि घोड्याबरोबर उधळली असती, तर पाहणारास केवळ धांदल दिसली असती.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या लक्ष्यांत चटकन् येईल. आमच्या पागेंत घोडा बांधावयाचा तो अगाडी व पिछाडी अशा दोन्ही दोरांनीं. येथें अगाडी आहे, पिछाडी नाहीं. डोकें बांधलेलें व मागचें धड मोकळें असल्यामुळें घोड्यास पळतांहि येत नाहीं व स्थिरहि राहवत नाहीं. चित्रांतील सारी हालचाल याच एका अडचणींतून उत्पन्न झाली आहे. मात्र घोड्याच्या मागील भागाविषयीं निर्णय देतांना सावध राहिलें पाहिजे. शेपूट आज दिसत नाहीं, आणि मागचा भाग मागाहून दुरुस्त केलेला असावा असें कित्येक तज्ज्ञांचें मत आहे. यास्तव चित्रकाराच्या हाताची परीक्षा मुख्यतः डोकें, मान, छाती व पुढचे पाय यांवरूनच करणें न्याय्य होय.

२. रणांगणांतून दरबारांत

आतां या घोड्याचा काळ पाहूं. ताइ-त्सुंगानें आपल्या समाधीसाठीं सहा घोड्यांचीं शिल्पें कोरविलीं. ते सहाहि त्याच्या लढायांतील घोडे होते. त्यांपैकीं कित्येकांच्या अंगांत रुतलेले बाण शिल्पकारानें दाखविले असून एका शिळेवर सरदार घोड्याच्या छातींतील बाण उपटीत असल्याचें दृश्य आहे. या सहा शिळांपैकीं चार आज शीआन येथें, व विसाव्या शतकाच्या आरंभीं परदेशीं गेलेल्या दोन फिलाडेल्फिया येथें आहेत. ताइ-त्सुंगाचा घोडा म्हणजे राज्य मिळविण्याचें साधन होतें.

पणतवाच्या काळीं घोड्याचें काम बदललें. सरकारी कुरणांतील घोड्यांची संख्या इ. स. ७२५ मध्यें सुमारें ४,३०,००० होती असें चिनी इतिहासांत नमूद आहे. त्याच सालीं श्वान-त्सुंगानें ताइ पर्वतावर जाऊन स्वर्गास बलि अर्पण केला, तेव्हां हजारों घोडे बरोबर नेले होते, व एकेका रंगाचा एकेक कळप करून ते चालविले होते. दुरून पाहणारास ते रंगीत ढगांच्या किनखापासारखे भासले, असें इतिहासकार लिहितो. सैन्याची शक्ति येथें शोभेसाठीं मांडलेली आहे, हें उघड दिसतें. आमच्याकडे स्वारीपुढें शृंगारून, रिकाम्या पाठीनें चालविल्या जाणाऱ्या घोड्यास कोतल म्हणत. कोतलावर कोणी बसत नाहीं. धन्यापाशीं असे घोडे आहेत हें लोकांस दिसावें, एवढ्यासाठींच तो चालतो. श्वान-त्सुंगाच्या राज्यांत कोतलांचाच जमाना आला होता असें म्हटल्यास चुकणार नाहीं.

याची परमावधि म्हणजे त्याचे नाचणारे घोडे. सम्राटाचा जन्मदिवस इ. स. ७२९ पासून राष्ट्रीय उत्सव म्हणून पाळला जाऊं लागला, आणि त्या उत्सवांत शिकविलेले घोडे वाद्यांच्या तालावर नाचत. चंग छू-हुइ नामक लेखकानें नवव्या शतकांत लिहिलेल्या आठवणींच्या ग्रंथांत त्यांचें सविस्तर वर्णन आहे. त्यांत घोड्यांची संख्या ‘चारशें खूर’ अशी दिली आहे. हे शब्द नीट न वाचतां कित्येकांनीं चारशें घोडे असा अर्थ घेतला. परंतु चारशें खूर म्हणजे शंभरच घोडे होत. त्यांच्या अंगावर जरीचीं वस्त्रें, मोहरक्यांस सोनें-रुपें, व आयाळींत मोतीं गुंफलेले असत. तीन मजली फळ्यांवर चढून ते फिरत, आणि कांहीं वेळां बळकट माणसें घोड्यासकट चौरंग उचलून धरीत. इ. स. १९७० सालीं शीआनजवळील हो-च्या-त्सुन या खेड्यांत जमिनींतून निघालेल्या ठेव्यांत रुप्याचा एक चंबू मिळाला. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला घोडा मागच्या पायांवर बसून तोंडांत प्याला धरून असलेला दाखविला आहे. ग्रंथांतील वर्णनास मिळालेली ही प्रत्यक्ष साक्ष होय.

या घोड्यांचा शेवटहि त्याच ग्रंथांत दिला आहे. इ. स. ७५५ मध्यें सेनापति आन लु-शान यानें बंड केलें, व पुढील वर्षीं सम्राटास राजधानी सोडून पळावें लागलें. नाचणारे घोडे देशोधडीस लागले. त्यांपैकीं कांहीं थ्येन छंग-स्सु नामक सरदाराच्या पागेंत लढाऊ घोड्यांबरोबर बांधले गेले. ते काय जाणतात हें तेथें कोणासहि ठाऊक नव्हतें. एके दिवशीं छावणींत मेजवानी होऊन वाद्यें वाजूं लागतांच हे घोडे नाचूं लागले. मोतद्दारांस वाटलें, यांस भूतबाधा झाली. त्यांनीं खराट्यांनीं मारावयास आरंभ केला. घोड्यांस वाटलें, आपला ताल चुकतो म्हणून मार बसतो; ते अधिकच नेटानें ताल सांभाळूं लागले. अखेरीस सरदाराच्या हुकुमानें त्यांस मरेपर्यंत चाबकानें मारण्यांत आलें.

ही हकीकत शब्दशः खरी असो वा कथनाच्या ओघांत सुधारलेली असो, तिच्यांतील मर्म खोटें नाहीं. शोभेसाठीं घडविलेल्या प्राण्याचा अर्थ, ती शोभा जाणणारे लोक असतील तोंवरच टिकतो. पुढें त्याचें कौशल्यच त्याच्या जिवावर उठतें. आमच्या चित्रांतील घोडा नाचणाऱ्या घोड्यांपैकीं होता, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो त्याच पागेंतला, त्याच काळांतला. आणि चित्र काढल्यानंतर पांचसहा वर्षांच्या आंत ती पागा उधळली गेली, हें ध्यानांत ठेवूनच चित्राकडे पुनः वळलें पाहिजे.

३. मांस कीं अस्थि ?

हान गान याच्या घोड्यांविषयीं चीनमध्यें एक जुना वाद आहे. प्रसिद्ध कवि तू-फू (इ. स. ७१२–७७०) यानें त्साओ पा नामक सेनापति-चित्रकाराच्या स्तुतिपर एक कविता केली. तींत त्याचा शिष्य हान गान याच्यावर असा ठपका आहे कीं, हा घोड्याचें मांस तेवढें रंगवितो, अस्थि रंगवीत नाहीं, त्यामुळें घोड्याचें तेज मावळतें. इ. स. ८४७ मध्यें चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या चांग येन-युआन यानें यास उत्तर दिलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कवीस चित्रांतलें काय कळतें. सम्राटास मोठे घोडे प्रिय होते, पागेंत तसेच थोराड घोडे होते, आणि चित्रकारानें डोळ्यांपुढें जें होतें तें काढलें.

चित्रकाराच्या नांवावर सांगितलें जाणारें एक वचनहि याच बाजूस जातें. सम्राटानें त्यास छन हुंग या दरबारी चित्रकाराजवळ शिकावयास सांगितलें असतां, आपल्या पागेंतले घोडे हेच माझे गुरु, असें त्यानें उत्तर केलें, असा उल्लेख तांगकालीन चित्रकारांच्या एका ग्रंथांत आहे. पोरवयांत दारूच्या दुकानाचा माल पोंचविण्याचें काम करणाऱ्या या मुलास धुळींत चित्रें रेखाटतांना पाहून कवि व चित्रकार वांग वेइ यानें त्यास वर्षाकांठीं वीस हजार नाणीं देऊन दहा वर्षांवर चित्रकला शिकविली, अशीहि कथा आहे.

या वादांत कवि चुकला व इतिहासकार बरोबर, असा निकाल सामान्यतः दिला जातो. आम्हांस तो पुरा मान्य नाहीं. प्रथम, तू-फूची साक्ष एकतर्फी नाहीं. त्यानेंच दुसऱ्या एका रचनेंत हान गानाच्या घोड्यांची मनमोकळी प्रशंसा केली आहे. एका कवितेंत निंदा व दुसरींत स्तुति आढळते तेव्हां त्या त्या कवितेचें प्रयोजन पाहिलें पाहिजे. गुरूची थोरवी गावयाची, आणि तो गुरु उतारवयांत बंडाच्या धामधुमींत दारिद्र्यांत पडलेला. अशा जागीं शिष्यास कमी लेखणें हा रचनेचा भाग असतो. तें वाक्य उचलून त्यास चित्रपरीक्षकाचा निवाडा मानणें म्हणजे स्तुतिपाठावरून इतिहास लिहिण्यासारखें आहे.

दुसरें, इतिहासकाराचें उत्तरहि अपुरें आहे. घोडे लठ्ठ होते म्हणून चित्रांत लठ्ठ आले, एवढेंच खरें असेल तर चित्रकार केवळ नोंद करणारा कारकून ठरतो. तैपेइ येथील राजवाडा-संग्रहालयांत हान गानाच्या नांवावर असलेलें रेशमावरचें एक रंगीत चित्र आहे. एक पांढरा व एक काळा असे दोन पुष्ट घोडे, आणि त्यांवर देखरेख करणारा स्वार, असा त्याचा विषय असून तें हान गानाचें अस्सल असल्याचा शेरा सुंग सम्राट हुइ-त्सुंग यानें इ. स. ११०७ सालीं त्यावर लिहिलेला आहे. तेथील घोडे खरोखरच शांत व मांसल आहेत. तू-फूचा आक्षेप तेथें पुष्कळसा लागू पडेल. या शाईचित्रास मात्र तो लागू पडत नाहीं. धड येथेंहि तितकेंच भरीव आहे. परंतु तें भरीवपण रंगाचें नसून रेषेच्या ताणाचें आहे. चित्रकारानें मांस काढलें, आणि अस्थींचें काम रेषेवर सोंपविलें, असें म्हणतां येईल.

आमच्या मतें या चित्राचा खरा विषय घोडा लठ्ठ कीं सडपातळ हा नाहींच. शोभेसाठीं पोसलेलें शरीर आणि त्या शोभेस न जुमानणारा स्वभाव, या दोहोंस चित्रकारानें एकाच खांबाशीं बांधलें आहे. पुष्ट धड हें पागेचें, फिरलेला डोळा व उभारलेली आयाळ हीं घोड्याचीं. मानाचा घोडा समारंभांत कसा दिसतो हें पाहणारे हजारों होते. समारंभ नसतांना, अंगावर कांहीं नसतांना, तो कसा असतो हें या चित्रकारानें पाहिलें. राजाच्या पदरीं राहून इतकें पाहणें व काढणें यास धैर्य लागतें.

४. शिक्क्यांची झूल

आतां बाजूस सारलेलें दप्तर उघडूं. मूळ चित्र हातभर लांबीचेंहि नाहीं. परंतु त्यास मागाहून जोडलेल्या कागदांसह हा पट सुमारें ११.४ मीटर लांब झाला आहे. चित्राच्या कागदावरच दक्षिण तांग राज्याचा शेवटचा राजा ली-यू (राज्यकाल इ. स. ९६१–९७५) याच्या हातचा मानला जाणारा लेख आहे, आणि हान गानानें काढलेला ‘रात्र उजळणारा शुभ्र’ एवढाच त्याचा आशय आहे. खालच्या अंगास ‘येन-युआन’ हीं अक्षरें असून तीं वर सांगितलेल्या इतिहासकाराचीच सही होय असें परंपरा मानते. सुंग काळांतील प्रख्यात लेखनकार मी-फू याचें नांव आहे. चौदाव्या शतकांतील वेइ सू, अठराव्या शतकांतील शन त-छ्येन अशा विद्वानांचे अभिप्राय पुढें जोडलेले आहेत. मांचू सम्राट च्येन-लुंग यानेंहि आपल्या मुद्रा उमटविण्यांत कसूर केलेली नाहीं.

इतका पुरावा असतां कर्तृत्वाविषयीं शंका कशास, असें वाटेल. परंतु तारखा मांडून पाहाव्या. ली-यूचा लेख चित्रकारानंतर दोनशें वर्षांचा आहे. तो अस्सल धरला, तरी दहाव्या शतकांत हें चित्र हान गानाचें समजलें जात होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. ‘येन-युआन’ ही सही खरी असेल तर पुरावा शंभर वर्षांच्या आंत येतो; पण दोन अक्षरांवरून हस्ताक्षराचा निश्चय करणें धाडसाचें आहे. त्यानंतरचे सर्व लेख हे आधींच्या लेखांवर विसंबलेले आहेत. एका साक्षीदाराचें ऐकून दहांनीं दिलेली साक्ष ही एकाच साक्षीदाराची होय, हा न्याय येथें विसरतां कामा नये. यास्तव ‘हान गानाचें म्हणून परंपरेनें मानलेलें, व त्या काळच्या रेषेशीं विसंगत नसलेलें’ इतकेंच आम्ही म्हणूं. असें म्हटल्यानें चित्राचें मोल रतिभरहि कमी होत नाहीं.

आमच्या राजपत्रांच्या शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ असें मोर्तब करीत, तें पत्र येथें संपलें, यापुढें कोणी अक्षर वाढवूं नये, या हेतूनें. चिनी पटास असें मोर्तब नसतें. प्रत्येक नवा मालक त्यांत आपली मुद्रा व आपला अभिप्राय घालतो, आणि कागद वाढत जातो. यांत संशोधकाचा मोठा लाभ आहे, कारण चित्राची वंशावळ चित्राबरोबरच राहते. परंतु या चित्रापुरतें पाहतां त्यांत एक विपरीत गोष्ट घडली आहे. चित्रकारानें ज्या घोड्यास खोगिराविना, अलंकाराविना उभा केला, त्याच्याभोंवतीं मागील लोकांनीं तांबड्या मुद्रांची दाटी करून जणूं नवी झूल घातली. समारंभांतून सुटलेला घोडा पुनः समारंभांत ओढला गेला.

आणि मुद्रा उमटविणाऱ्यांचें काय झालें ? ली-यूची राजधानी सुंग सैन्यानें इ. स. ९७५ च्या अखेरीस घेतली, व तो इ. स. ९७८ मध्यें कैदेंत मरण पावला. च्येन-लुंगाचा वंश इ. स. १९१२ मध्यें पदच्युत झाला. पुढें हें चित्र त्याच राजघराण्यांतील एका चित्रकार वंशजाच्या ताब्यांत होतें. इ. स. १९३० नंतरच्या दशकांत त्यानें तें विकलें. चांग पो-च्यू या चिनी संग्राहकानें तें देशाबाहेर जाऊं नये म्हणून खटपट केली. परंतु तिचा उपयोग होण्यापूर्वींच चित्र निघून गेलें होतें. तेथून लंडन, व लंडनहून न्यूयॉर्क. जुन्या घराण्यांचीं दप्तरें व चित्रें हातोहात विकलीं जातांना पाहिलेल्या आमच्या वाचकांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

५. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष दोन वाक्यांत सांगतां येतो. चित्र व चित्राचें दप्तर हीं प्रथम वेगवेगळीं वाचावीं, आणि मग एकमेकांपुढें ठेवावीं. दप्तरावरून आरंभ केला तर आपण राजांची नामावळ पाहतों व घोडा पाहात नाहीं. उलट दप्तर टाकून दिलें तर या घोड्यानें किती घरें पाहिलीं हें कळण्याचा मार्गच बंद होतो. पुस्तकांतून या चित्राचे जे ठसे छापले जातात, त्यांत बहुधा घोड्यापुरताच भाग कापून घेतलेला असतो. शोभेच्या दृष्टीनें तें ठीक असेल; अभ्यासाच्या दृष्टीनें ती हानि आहे.

हीच सूचना आमच्याकडील चित्रसंग्राहकांसहि करावीशी वाटते. वाड्यांतून, मठांतून व पोथ्यांच्या रुमालांतून घोड्यांचीं, स्वाऱ्यांचीं रेखाचित्रें अद्यापि सांपडतात. त्यांच्या कडा मळलेल्या असतात म्हणून चौकटींत बसवितांना त्या कापूं नयेत. पाठीमागें डकवलेला कागद घाईनें सोडवूं नये. त्या कडेवरच एखादें नांव, एखादी मिति, एखाद्या घोड्याची जात व किंमत लिहिलेली असण्याचा संभव असतो.

राहतां राहिला शुभ्र अश्व. ज्याच्या पागेंत तो बांधला होता ती पागा गेली, आणि ज्यांनीं आपलें नांव त्याच्याशेजारीं लिहिलें त्यांचीं राज्येंहि गेलीं. दोर अद्यापि तसाच ताणलेला आहे, आणि घोड्याचा डोळा अद्यापि पाहणाराकडेच आहे. तो कोणी काढला हें निश्चित ठरो वा न ठरो, ज्यानें काढला त्यानें घोडा पाहिला होता, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.